कूनेओच्या डोंगराळ मुलखातले आठवडे बाजार: वार, वाट आणि खरेदी, टप्प्याटप्प्याने

इटलीच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेला लागून कूनेओ हा प्रांत आहे. २४७ गावं-शहरं, मधे थोडा सपाट पट्टा आणि भोवती आल्प्सची खोरी. इथल्या आठवडे बाजारात जायचं ठरवून हिरमुसून परतणारे मराठी प्रवासी आणि तोरिनोत (ट्युरिनमध्ये) शिकणारे विद्यार्थी बरेच भेटतात. कुणी बाजार उठल्यावर पोचतं, कुणाची परतीची बस हुकते, कुणी शंभर ग्रॅमचा भाव किलोचा समजून दहापट पैसे देऊन येतं, तर शाकाहारी माणूस पहिल्याच ठेल्यावर माशाची चटणी पावाला लावून खातो. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी टाळता येते. त्यासाठी सगळं क्रमानं करावं लागतं, आणि हा क्रम बाजारात नव्हे, घरी सुरू होतो.

टप्पा १: आधी वार, मग गाव

बहुतेक जण आधी गाव निवडतात, खोली घेतात आणि मग बाजाराचा वार शोधतात. हे उलटं करा. इथे प्रत्येक गावाला ठरलेला वार असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकात नुसत्या गाड्या उभ्या असतात. मुख्य वार असे:

- सोमवार: द्रोनेरो (माइरा खोऱ्याच्या तोंडाशी)
- मंगळवार: कूनेओ शहर, भागातला सगळ्यात मोठा बाजार
- बुधवार: फोस्सानो
- गुरुवार: बोर्गो सान दाल्मात्सो, कार्रू
- शुक्रवार: ब्रा
- शनिवार: सालुत्सो, मोंदोवी, आल्बा

पहिल्यांदाच जात असाल तर मंगळवारचं कूनेओ धरा. रेल्वेनं थेट जाता येतं, बाजार पियात्सा गालिंबेर्ती या मोठ्या चौकात आणि त्याला लागून असलेल्या वीआ रोमा रस्त्यावर पसरलेला असतो, त्यामुळे चुकायला जागा नाही. डोंगरातल्या माणसांचा, लहान आणि बोलका बाजार बघायचा असेल तर द्रोनेरो. आल्बाचा शनिवार एरवी छान असतो, पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) जत्रा चालते. त्या दिवसांत खोल्या महाग होतात आणि गर्दीत भाजीच्या ठेल्यापर्यंत पोचणंही जिकिरीचं होतं. ट्रफलसाठीच जात नसाल तर तो काळ टाळा. कार्रूला डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी माजवलेल्या बैलांची मोठी जत्रा भरते. त्या दिवशी पहाटेपासून गावभर उकडलेल्या मांसाच्या पंगती असतात, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

सणावाराचं वेगळं बघायचं. ६ जानेवारी, २५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८, २५ आणि २६ डिसेंबर या सुट्ट्या बाजाराच्या वारावर आल्या तर बाजार कधी आदल्या दिवशी सरकतो, कधी रद्द होतो, कधी नेहमीसारखा भरतो. हे त्या त्या गावची कोमूने, म्हणजे आपल्याकडची नगरपालिका, ठरवते. तिच्या संकेतस्थळावर सूचना लागते.

तपासा: कोमूनेच्या संकेतस्थळावर ‘मेर्कातो सेत्तिमानाले’ म्हणजे साप्ताहिक बाजार, असं शोधा आणि वार, चौक, वेळ तिन्ही नोंदवून घ्या. ‘मेर्कातीनो’ असं लिहिलेलं दिसलं तर जपून. तो अनेकदा महिन्यातून एकदा भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार असतो आणि तिथे भाजी मिळत नाही.

टप्पा २: घड्याळ उलटं लावा

आपल्याकडे आठवडे बाजार दुपारनंतर रंगात येतो, संध्याकाळी दिवे लागल्यावर भाव उतरतात. ही सवय इथे सगळ्यात जास्त नडते. इथे साडेसात-आठला ठेले लागलेले असतात, नऊ ते अकरा हा खरा बाजार, बारानंतर पेट्या मिटायला लागतात आणि एकच्या सुमारास चौक रिकामा होऊन झाडू फिरतो. अकराला निघून ‘निवांत जेवायच्या वेळी पोचू’ असं ठरवलंत तर नुसते पुठ्ठे दिसतील.

पोचायची वेळ नऊच्या आत ठेवा. चीज आणि शेतकऱ्यांची भाजी सकाळी लवकर संपते. डोंगरातून आलेला शेतकरी दोन-चार पेट्याच घेऊन बसतो, त्या संपल्या की उठतो. कपडे, बूट, भांडी यांचे ठेले मात्र शेवटपर्यंत असतात, त्यांची घाई नको.

थंडीत सकाळी उणे तापमान असू शकतं आणि तेव्हा विक्रेतेही थोडे उशिरा मांडतात. मुसळधार पाऊस किंवा बर्फ असेल तर निम्मे ठेले येत नाहीत. आदल्या रात्री हवामान बघा आणि अंदाज फारच वाईट असेल तर सरळ दुसऱ्या दिवसाचा दुसरा बाजार धरा. वरची यादी त्यासाठीच वारानुसार दिली आहे.

टप्पा ३: जायची सोय, आणि त्याआधी परत यायची

रेल्वे सगळ्यात सोपी. तोरिनोच्या पोर्ता नुओवा स्थानकावरून कूनेओला प्रादेशिक गाड्या जातात, साधारण सव्वा तास लागतो. त्याच मार्गावर फोस्सानो आहे. बोर्गो सान दाल्मात्सो कूनेओहून लिमोनेकडे जाणाऱ्या मार्गावर, मोंदोवी तोरिनो–सावोना मार्गावर. ब्रा आणि तिथून आल्बा हेही रेल्वेनं जोडलेले आहेत. कूनेओ स्थानकातून पियात्सा गालिंबेर्ती पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, रस्ता सपाट आहे. टॅक्सी शोधत बसू नका.

कागदी तिकीट घेतलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. फोनवरच्या प्रादेशिक तिकिटाला चेक-इन करावं लागतं. हे न करता बसलात तर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागू शकतो.

द्रोनेरोसारख्या ठिकाणी बस लागते. प्रांतातल्या बससेवा ‘ग्रांदा बस’ या संयुक्त व्यवस्थेखाली चालतात. खरा घोळ होतो तो वेळापत्रकातल्या तीन शब्दांनी:

- फेरिआले: सोमवार ते शनिवार, सुट्टीचे दिवस वगळून
- फेस्तीवो: रविवार आणि सुट्ट्या
- स्कोलास्तिको: फक्त शाळा चालू असतानाच

‘फेरिआले’ म्हणजे सुट्टीचे दिवस असा अर्थ कानाला वाटतो आणि नेमका उलटा निघतो. तिसरा शब्द त्याहून महागात पडतो. खोऱ्यातल्या बऱ्याच बस मुळात शाळेच्या मुलांसाठी आखलेल्या असतात. साधारण १० जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शाळा बंद, म्हणजे त्या बसही बंद. जुलैत फिरायला आलेल्या माणसानं मे महिन्यात काढलेला वेळापत्रकाचा फोटो बघून थांब्यावर उभं राहायचं, असं होऊ देऊ नका.

शिवाय दुपारी एकच्या आसपासची बस चुकली की पुढची कधी कधी तीन-चार तासांनी असते, आणि त्या वेळेत गावातली दुकानंही साडेबारापासून साडेतीनपर्यंत मिटलेली असतात. म्हणून परतीची बस आधी ठरवा, मग जायची. तिकीट शक्यतो आधी तंबाखूच्या दुकानातून (दारावर मोठा ‘टी’ असतो) किंवा थांब्याजवळच्या बारमधून (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) घ्या, एकदम जायचं-यायचं.

भाड्याच्या गाडीनं जात असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवाच, तो भारतातूनच काढून न्यावा लागतो. गाडी लावताना रेषांचा रंग बघा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पांढऱ्या रेषेतही वेळेची मर्यादा असू शकते. तेव्हा काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी ठेवतात, ती गाडीत आहे का हे भाड्यानं घेतानाच बघून घ्या. जुन्या गावभागात ‘झेडटीएल’ असा फलक आणि लाल वर्तुळ दिसलं की आत शिरू नका, कॅमेरा असतो आणि दंड महिन्यांनंतर घरपोच येतो.

सावधान: बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मोकळा दिसणारा चौक म्हणजे सापळा. तिथल्या खांबावर वार, वेळ आणि गाडी ओढून नेत असल्याचं चित्र असलेली पाटी असते. गावात मुक्काम करून रात्री गाडी चौकात लावली, तर पहाटे ती उचलून नेलेली असते आणि तिच्या जागी कांद्याचा ठेला उभा असतो. इटालियन येत नसेल तर त्या चित्रावरून आणि वारावरून ओळखा.

टप्पा ४: आदल्या रात्री भरायची पिशवी

सुटे पैसे आधी. जून २०२२च्या अखेरपासून इटलीत कार्ड नाकारणाऱ्या विक्रेत्याला दंड आहे, त्यामुळे यंत्र बहुतेकांकडे असतं. पण डोंगरात नेटवर्क कधी जातं सांगता येत नाही, आणि तीन युरोच्या पालेभाजीला कार्ड पुढे केलं की मागची रांग खोळंबते. पाच, दहा आणि वीसच्या नोटा, थोडी नाणी. पन्नासची नोट आधी बारमध्ये कॉफीबरोबर मोडून घ्या. सकाळी आठला शेतकऱ्याकडे ती मोडायला सुटे नसतात.

दोन कापडी पिशव्या, एक जाड कागद किंवा डबा चीजसाठी, उन्हाळ्यात बर्फाची पिशवी असलेली छोटी थंड थैली. पाण्याची बाटली घ्या. चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका. फळं उघड्यावर धुऊन खायचा विचार असेल तर हीच बाटली कामी येते.

आणि पाच-सहा वाक्यं. हातावर लिहून नेली तरी चालतील:

- ‘बुओन्जोर्नो’: प्रत्येक ठेल्यावर, बोलण्याआधी
- ‘की ए लूल्तिमो?’: शेवटचं कोण आहे?
- ‘उन एत्तो’, ‘मेद्झो कीलो’: शंभर ग्रॅम, अर्धा किलो
- ‘पोस्सो आस्साज्जारे?’: चव बघू का?
- ‘दी मेनो, पेर फावोरे’: कमी द्या, कृपया
- ‘बास्ता कोझी, ग्रात्सिए’: एवढं पुरे, धन्यवाद

टप्पा ५: पहिली फेरी रिकाम्या हातानं

पोचलात की लगेच घेऊ नका. कूनेओसारख्या मोठ्या बाजारात चौकाच्या कडेला पहिला ठेला दिसतो तो बहुतेकदा घाऊक बाजारातून माल आणून विकणाऱ्याचा असतो. त्याच्याकडे डिसेंबरात स्ट्रॉबेरी आणि बारा महिने केळी असतात. त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी डोंगरात यायची गरज नव्हती.

शेतकरी वेगळा ओळखू येतो. त्याच्याकडे माल थोडा आणि एकाच ऋतूतला, पेट्या एकसारख्या नसतात, सफरचंदं लहानमोठी असतात आणि पाटीवर ‘आझिएंदा आग्रिकोला’ म्हणजे शेतीचा व्यवसाय, आणि गावाचं नाव असतं. कूनेओत असे ठेले पियात्सा सेमिनारिओतल्या छपराखाली बघा. लहान गावांत ते चौकाच्या मधे नसून कडेच्या गल्लीत असू शकतात.

या फेरीत तीन गोष्टी टिपा: कुठल्या ठेल्यापुढे गावातल्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन उभ्या आहेत, एकाच भाजीचे दोन-तीन ठेल्यांवरचे भाव, आणि लवकर संपेल असा माल कुठे आहे. लहान बाजारात पंधरा मिनिटं पुरतात, कूनेओत अर्धा तास द्या.

तपासा: भाजी-फळांच्या पाटीवर ‘ओरीजिने’ लिहिलेलं असतं, म्हणजे माल कुठला. हे लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘इतालिया’ एवढंच असेल तर तो सिसिलीतूनही आलेला असू शकतो. आसपासच्या खोऱ्याचं किंवा गावाचं नाव दिसलं तर तो इथला.

टप्पा ६: पाटी वाचा, मग बोला

भाव दोन मापांत लिहिलेले असतात. भाजी-फळं बहुधा ‘अल कीलो’, म्हणजे किलोला. चीज, खारवलेलं मांस, सुकी मशरूम, कधी कधी ऑलिव्ह हे ‘ल एत्तो’ म्हणजे दर शंभर ग्रॅमला. समजा चीजच्या पाटीवर २,८० ल एत्तो आहे, तर किलोचा भाव अठ्ठावीस युरो झाला. पाटीवरचा मोठा आकडा बघून अर्धा किलो मागितलंत तर चौदा युरो द्यावे लागतील, आणि कापून कागदात गुंडाळलेलं चीज परत कसं करणार? दशांशासाठी इथे स्वल्पविराम वापरतात, म्हणून २,८० म्हणजे दोन युरो ऐंशी सेंट.

घासाघीस करू नका. खाण्याच्या मालाचा भाव पाटीवर लिहिलाय तोच. कमी करा म्हणणं इथे शेतकऱ्याच्या मालाला नावं ठेवण्यासारखं वाटतं आणि पुढचं बोलणंच तुटतं. कपड्यांच्या ठेल्यावर दोन-तीन वस्तू घेतल्या तर वरचे सुटे सोडा म्हणून विचारता येतं. भाजी भरपूर घेतली की पुष्कळदा विक्रेता आपणहून पार्स्लीची जुडी पिशवीत टाकतो. मागू नका, मिळाली की मनापासून आभार माना.

नावाजलेल्या कंपनीची बॅग किंवा चष्मा जमिनीवर चादर टाकून विकणारा दिसला तर पुढे चला. इटलीत नकली वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

टप्पा ७: मालाला हात लावू नका

याला वेगळा टप्पा दिला, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त वाजतं ते इथे. आपण टोमॅटो दाबून, भेंडी मोडून, कणसाची साल सोलून बघतो. ती आपल्याकडची रीत आहे आणि तिच्यात चूक काही नाही. इथे मात्र माल विक्रेताच निवडतो आणि ठेल्यावर ‘नॉन तोक्कारे’ म्हणजे हात लावू नका, अशी पाटीही असते. हात घातलात की आवाज चढतो.

मग चांगला माल कसा मिळवायचा? सांगून. आज खायचंय की तीन दिवसांनी हे सांगा: ‘पेर ओज्जी’ म्हणजे आजसाठी, ‘पेर दोमानी’ म्हणजे उद्यासाठी. खरबूज किंवा पीच घेताना हे सांगितलं की विक्रेता पेटीतून त्याच पिकण्याचं फळ शोधून देतो, आणि त्याचा हात आपल्यापेक्षा सरावलेला असतो. काही ठेल्यांवर कागदी पिशव्या आणि प्लास्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, तिथे तुम्ही स्वतः निवडू शकता.

रांग दिसत नाही, पण असते. लोक ठेल्यापुढे विखुरलेले उभे असतात आणि प्रत्येकाला आपल्या आधी कोण हे माहीत असतं. पोचल्यावर ‘की ए लूल्तिमो?’ विचारा, कुणीतरी हात वर करेल. त्याच्यानंतर तुम्ही. विक्रेत्यानं चुकून तुम्हाला आधी विचारलं तर त्या माणसाकडे हात करून सांगा. पुढच्या वेळी तोच माणूस तुम्हाला चांगली वांगी कुठे आहेत ते दाखवेल.

टप्पा ८: चीज, ज्यासाठी यायचं

या भागात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आधी नावं. कास्तेल्मान्यो हे ग्राना खोऱ्यातलं, ठिसूळ, भुगा पडणारं, जुनं होईल तसं तिखट होत जाणारं चीज. ते कास्तेल्मान्यो, प्रादलेवेस आणि मोंतेरोस्सो ग्राना या तीनच गावांत बनवता येतं. रास्केरा मोंदोवीच्या डोंगरातलं, मऊ, चौकोनी किंवा गोल. ब्रा दोन प्रकारचं: ‘तेनेरो’ कोवळं, ‘दूरो’ जुनं आणि कडक. मुरात्सानो मुख्यतः मेंढीच्या दुधाचं, लहान चकतीसारखं. ‘तोमा’ हा डोंगरी चीजचा सर्वसाधारण शब्द आहे. प्रत्येक खोऱ्याचा, किंबहुना प्रत्येक घराचा तोमा वेगळा, म्हणून तो चव घेतल्याशिवाय घेऊच नका.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी चव मागा. एका ठेल्यावर दोन-तीन चवी मागणं चालतं, सात नाही. कोवळ्यापासून जुन्याकडे जा, नाहीतर कास्तेल्मान्योच्या तिखटपणानंतर रास्केराची चव लागतच नाही. मग विक्रेता सुरी चीजवर ठेवून ‘एवढं?’ असं नजरेनं विचारतो. हा क्षण महत्त्वाचा. सुरी खाली गेल्यावर बोलून उपयोग नाही. ‘दी मेनो’ म्हणा आणि सुरी सरकवायला लावा. जाड सालही वजनात धरली जाते, हेही मनात ठेवा.

‘अल्पेज्जो’ हा शब्द दिसला तर थांबा. उन्हाळ्यात गुरं उंच कुरणांवर चरायला नेतात, तिथल्या दुधाचं हे चीज. कास्तेल्मान्योच्या बाबतीत हा शब्द एक हजार मीटरच्या वरच्या चीजलाच लावता येतो. त्याची किंमत जास्त असते आणि ती द्यावी, कारण त्यामागे महिनोन्‌महिने डोंगरावर काढलेल्या माणसाचे कष्ट आहेत.

सावधान: ‘लात्ते क्रूदो’ म्हणजे न तापवलेल्या, कच्च्या दुधाचं चीज. गरोदर बायका, अगदी लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते खाऊ नये.

लांबच्या प्रवासासाठी ‘सोत्तोवुओतो’ म्हणा, म्हणजे हवा काढून पिशवीत बंद करून देतील. सगळ्या ठेल्यांवर यंत्र नसतं, म्हणून कापायच्या आधी विचारा.

टप्पा ९: शाकाहारी असाल तर प्रश्न बदला

‘मी शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. ‘मांस नको’ म्हटलं की हॅमचे तुकडे किंवा मासा चालेल असं समजलं जाऊ शकतं. म्हणून नाव घेऊन विचारा: मांस नाही, प्रोशुत्तो (हॅम) नाही, मासा नाही.

चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात, इथल्या जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये तर बहुतेक सर्रास. जे हे पाळतात त्यांनी ‘काल्यो वेजेताले?’ म्हणजे वनस्पतीजन्य विरजण आहे का, असं विचारावं. रिकोत्ता, जिला इथे सेइरास म्हणतात, ती निवळीपासून बनते, पण ती निवळी त्याच चीजमधून निघालेली असते. म्हणून ‘रिकोत्ता तरी चालेल’ हा समज बरोबर नाही.

हिरव्या चटणीसारखी दिसणारी ‘बान्येत’ आणि भाज्या बुडवून खायची ‘बान्या काउदा’ या दोन्हींत अँकोव्ही हा खारवलेला मासा असतो. माइरा खोऱ्यातले लोक पूर्वी खारवलेले मासे गावोगाव विकत फिरायचे, आणि आजही बाजारात अशा माशांच्या पिंपांचे ठेले असतात. म्हणून बरणीतली कुठलीही हिरवी किंवा तपकिरी चटणी विचारल्याशिवाय घेऊ नका. शब्द आहे ‘आच्चूगे’. ‘फोकाच्या’ या चपट्या पावात आणि इतर काही पावांत डुकराची चरबी असू शकते, ती ‘स्त्रुत्तो’. ताज्या पास्त्यात, विशेषतः ‘तायारीन’मध्ये, अंडं असतंच.

मग काय खायचं? फारिनाता दिसली तर पोटभर खा. बेसन, पाणी, तेल, मीठ, मोठ्या ताटात भट्टीत भाजलेलं. भाजलेले चेस्टनट, पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, सोबत काय वाढताहेत ते बघून), आणि फळं. कोंबड्या फिरवत भाजणाऱ्या गाडीवरचे बटाटे मात्र बहुधा त्याच चरबीत भाजलेले असतात.

टप्पा १०: ऋतूनुसार काय घ्यायचं

मे-जूनमध्ये पेवेरान्योच्या स्ट्रॉबेरी. उन्हाळ्यात सालुत्सोकडचे पीच, नंतर सफरचंद. सप्टेंबरपासून कूनेओचे घेवड्याचे दाणे आणि हेझलनट, ऑक्टोबरात चेस्टनट, थंडीत चेरवेरेची लांब पांढरी लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि काराल्योचा लसूण. हिवाळ्यात फळांच्या ठेल्यावर जास्त वेळ घालवू नका.

चेस्टनट घेताना हातात जड आणि कडक लागलं पाहिजे. हात लावू देत नसतील तर विक्रेत्याला बारीक भोकं नसलेले निवडायला सांगा. भोक म्हणजे आत अळी.

सावधान: रानातली ताजी मशरूम विकायची तर इटलीत तज्ज्ञ तपासनीसाकडून तपासून घ्यावी लागतात आणि पेटीवर तसा दाखला असतो. रस्त्याच्या कडेला टोपलीत, दाखल्याशिवाय विकत असतील तर कितीही ताजी दिसली तरी घेऊ नका.

टप्पा ११: परतीची बांधाबांध

साडेअकरापर्यंत खरेदी आटपा. मग बारमध्ये उभ्यानं कॉफी घ्या. तिथे स्वच्छतागृह वापरता येतं, आणि बस सुटायच्या थांब्याची दिशाही विचारून घेता येते. बाजाराच्या दिवशी चौक बंद असल्यामुळे थांबा तात्पुरता दुसऱ्या गल्लीत हलवलेला असू शकतो. नेहमीच्या जागी उभं राहून बस हुकणारे याच कारणानं हुकतात.

उन्हाळ्यात कोवळं चीज बंद गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. घरी पोचल्यावर प्लास्टिकमधून काढून कागदात गुंडाळा आणि फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवा. खायच्या तासभर आधी बाहेर काढा.

विमानाच्या हातातल्या सामानात मध, चटण्या आणि मऊ चीज हे द्रवपदार्थांच्या नियमात धरलं जातं, म्हणजे बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वरची बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. त्या वस्तू मोठ्या बॅगेत घाला. भारतात ताजी फळं, भाज्या आणि बियाणं विलगीकरणाच्या नियमांत येतात, म्हणून घेवड्याचे सुंदर दाणे आणि चेस्टनट तिथेच शिजवून संपवा. घरच्यांसाठी न्यायला भाजलेले हेझलनट उत्तम. कूनेओची प्रसिद्ध चॉकलेटं, ‘कूनेएझी’, नेणार असाल तर त्यांच्या आत रम असते, हे घरी वाटण्याआधी सांगा. रम नसलेल्याही चवी मिळतात, विचारून घ्या.

निघण्याआधी तपासा: परतीचं तिकीट खिशात आहे, थांबा बघून झालाय, चीज थंड थैलीत आहे, आणि गाडी असेल तर तबकडीवरची वेळ अजून संपलेली नाही.